संगणकीय भाषा, आज्ञावलीतील दोष आणि पुनर्पडताळणी

कोणत्या संगणकीय भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीत दोष कमी राहतात, हा सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतील जुना वादविषय आहे. २०१४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील बैशाखी रे व सहकाऱ्यांनी ‘गिटहब’ या भांडारातील ७२९ प्रकल्प व १७ भाषांचा अभ्यास करून, भाषा आणि दोष यांत अल्प पण सांख्यिकीयदृष्ट्या सार्थ सहसंबंध असल्याचे प्रतिपादन केले. पुढे अनेकांनी या सहसंबंधालाच कार्यकारणभाव मानले.

२०१९ मध्ये एमरी बर्गर, यान व्हिटेक आदींनी मूळ संशोधकांकडून मिळालेल्या सामग्रीचीच पुनर्पडताळणी केली, तेव्हा वर्गीकरणातील उणिवा उघड झाल्या. उदाहरणार्थ, नावाअखेरीस ‘टीएस’ असलेल्या फाइली टाइपस्क्रिप्ट भाषेतील गणल्या गेल्या होत्या. त्यांपैकी अनेकींत आज्ञावली नसून केवळ अनुवादित मजकूर होता. सुधारित विश्लेषणात दोषांशी सहसंबंध दर्शविणाऱ्या भाषांची संख्या ११ वरून ४ वर आली आणि उरलेला परिणामही अत्यल्प ठरला.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. सामग्रीचा आकार मोठा असला, तरी वर्गीकरणातील चूक त्याने झाकली जात नाही. आणि मूळ सामग्री उपलब्ध असल्याखेरीज अशी चूक सापडत नाही. म्हणून संशोधक विद्यार्थ्यास पुनर्पडताळणीचा विषय देणे हे दुय्यम प्रतीचे कार्य मानता येणार नाही.