चाळिसाव्या दिवसाचा प्रवास

आमच्या करावे गावात थंडी म्हणजे काय, ते खाडीवर गेल्यावर कळतं. टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या आसपासच्या पाणथळ जागेत हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. पहाटे धुकं असलं की ते दिसत नाहीत, नुसता त्यांचा कलकलाट ऐकू येतो. मागच्या डिसेंबरात अशाच एका पहाटे मी शेजारच्या तात्यांच्या गाडीत बसलो. जायचं होतं महाड तालुक्यात, सावित्रीच्या खाडीकाठच्या एका लहान गावी. माझ्या फुफीचा, म्हणजे वडिलांच्या बहिणीचा, चाळिसावा होता.

तात्या आगरी. करावे हे त्यांचं मूळ गाव. मी नोकरीच्या निमित्तानं येऊन इथलाच झालेला. मी एस.टी.नं जाणार होतो, पण आदल्या रात्री तात्या म्हणाले, “दिवसकार्याला माणसानं एकट्यानं जाऊ नये. मी येतो.” पुढं बोलायला त्यांनी जागाच ठेवली नाही.

खरं म्हणजे मी चाळीस दिवसांपूर्वीच तिथं पोचायला हवं होतं. दिवाळीनंतर येतो, असं फुफीला फोनवर सांगितलं होतं. तिला कुराणाचा अरबी मजकूर वाचता येई, उर्दूही येई. मराठी वाचता येत नसे. “तू लिहितोस ते मला वाचून कोण दाखवणार?” असं ती दरवेळी विचारायची. दिवाळी झाली आणि एका सकाळी तिच्या मुलाचाच फोन आला. आमच्यात दफन लांबवत नाहीत, शक्यतो त्याच दिवशी करतात. जोहरची, म्हणजे दुपारची नमाज झाल्यावर माती देणार होते. मी लगेच निघालो, पण माणगावच्या बाजारपेठेत गाड्यांची रांग लागली होती. मी पोचलो तेव्हा कबरीवरची माती सारखी करून लोक घरी परतले होते. तेव्हापासून ते मनात सलत होतं.

पळस्पे फाटा मागं पडला, कर्नाळ्याचा सुळका धुक्यातून वर आला. पेण सोडल्यावर तात्यांनी विचारलं, “आमच्यात दहावा, तेरावा. तुमच्यात चाळीसच का?”

प्रश्न साधा होता, पण उत्तर तेवढं सरळ नाही. धर्मशास्त्रात पाहिलं तर नातेवाइकांनी शोक करायची मुदत तीन दिवसांची आहे. विधवेला मात्र चार महिने दहा दिवसांची इद्दत सांगितली आहे, ती कुराणातच आहे. चाळिसाव्याचा कार्यक्रम तसा कुठं बंधनकारक नाही. तो रिवाज आहे आणि रिवाजाला अनेक मुळं असतात. हजरत मूसा तूर पर्वतावर चाळीस रात्री राहिले, असं कुराण सांगतं. करबलाच्या शहिदांचा चाळिसावा सफर महिन्याच्या 20 तारखेला पाळतात. त्याचं नावच ‘अरबईन’, म्हणजे चाळीस. इजिप्तमध्ये मुसलमान आणि कॉप्टिक ख्रिस्ती, दोघंही मृताचा चाळिसावा दिवस पाळतात. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांतही तो आहे.

“आणि आपल्याकडं?” तात्या म्हणाले.

“आपल्याकडं बाळंतिणीचा सव्वा महिना असतोच की! आमच्यात तोच चाळीस दिवसांचा चिल्ला. माणूस जगात यायला जेवढे दिवस लागतात, तेवढेच त्याला जाऊ द्यायलाही लागत असतील.”

हे शास्त्र नव्हे, माझा तर्क. पण माझ्या जन्मानंतर आईचे ते चाळीस दिवस फुफीनंच काढले होते. धुरी, शेक, अंघोळ, सगळं तिच्या हातचं. त्यामुळं हा हिशेब मला परका वाटत नव्हता.

रिवाजाचं एक व्यवहारी कारणही मला दिसतं. कोकणी मुसलमानांच्या कितीतरी घरांतली माणसं जहाजांवर किंवा आखातात नोकरीला. गावाला रस्ता धड नाही, पावसाळ्यात बोटी बंद. मयताची बातमी कळून माणूस घरी पोचेपर्यंत तीन दिवस केव्हाच उलटून जायचे. ज्याला खांदा देता आला नाही, त्याला यायला एक ठरलेला दिवस हवाच होता. त्या अर्थानं चाळिसावा हा उशिरा पोचणाऱ्यांचा दिवस आहे. माझ्यासारख्यांचा.

कोलाड, इंदापूर, माणगाव झालं. दासगावला चहाला थांबलो. खाडीकडं बोट करून मी तात्यांना सांगितलं, डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी 25 डिसेंबर 1927 रोजी इथल्याच बंदरात बोटीनं उतरले आणि पायी महाडला गेले. त्याच रात्री तिथं मनुस्मृतीचं दहन झालं. परिषदेच्या मंडपासाठी कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थानं आपली जागा दिली. तात्या काही वेळ गप्प राहिले. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको 1970 साली स्थापन झाली आणि आगरी-कोळ्यांच्या जमिनी गेल्या. तात्यांच्या घरातल्याही गेल्या. ते एवढंच म्हणाले, “दिलेली जागा लोक लक्षात ठेवतात. घेतलेलीही.”

गावात पोचलो तर घरात थोडा ताण होता. फुफीचा मुलगा आखातात बरीच वर्षं राहून आलेला. त्याचं म्हणणं, चाळिसाव्याला डेगी चढवणं धर्मात नाही. कर्ज काढून गावजेवण घालणं तर मुळीच नाही. वडीलधाऱ्यांचं म्हणणं, आईचा चाळिसावा केला नाही तर लोक काय म्हणतील? दोन्हीकडं प्रेमच होतं. शेवटी असं ठरलं, की घरी कुराणपठण करायचं, मोठी पंगत घालायची नाही आणि त्या खर्चाचं धान्य गावातल्या गरजू घरांत द्यायचं. तात्यांनी आपणहून पोती उचलून गाडीत टाकली आणि चार घरं फिरून आले.

मी मात्र ओट्यावर बसून होतो. मुलगा जवळ आला. म्हणाला, “भाई, तुम्हाला जनाज्याची नमाज मिळाली नाही, तेच मनाला लागलंय ना?” मी मान हलवली. मग त्यानं मला एक हदीस सांगितली. मदिनेत मशीद झाडणारी एक बाई होती. ती वारली, तेव्हा लोकांनी पैगंबरांना कळवलंच नाही; झाडूवाली तर होती, असं त्यांना वाटलं. पैगंबरांनी तिची चौकशी केली, मग म्हणाले, मला का सांगितलं नाहीत? तिची कबर दाखवा. आणि कबरीपाशी उभं राहून त्यांनी तिची नमाज पढली. “आपण शाफई,” तो म्हणाला, “राहून गेलेल्याला कबरीवर पढायची मुभा आहे.”

म्हणजे चाळिसावा नको म्हणणाऱ्यानंच माझी वाट मोकळी केली.

कब्रस्तान घराच्या मागंच, उतारावर. जनाज्याची नमाज उभ्यानंच असते. तिच्यात वाकणं नाही, सजदा नाही. चार तकबीर, मध्ये फातिहा, दरूद, मृतासाठी दुआ आणि शेवटी सलाम. पाच मिनिटंही लागत नाहीत. तात्या डोक्याला रुमाल बांधून कुंपणापाशी हात जोडून उभे होते. मी खिशात कवितांची वही नेली होती, पण काढली नाही. तिनं वाचून दाखव म्हटलं होतं ते जिवंतपणी. त्या गोष्टीला कुठलीच मुभा नाही, हे तिथं उभं राहिल्यावर कळलं.

परतताना वडखळच्या पुढं अंधार पडला. रत्नागिरीला माझे थोरले भाऊ असतात, त्यांचीही दृष्टी आता अधू झाली आहे. मी तात्यांच्या गाडीतूनच त्यांना फोन लावला आणि येत्या रविवारी येतो म्हणून सांगितलं.

“काही विशेष?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. थोडं वाचून दाखवायचंय.”

तात्यांनी समोरचा रस्ता न सोडता विचारलं, “किती वाजता निघायचं?”