कारखान्यांतील संदेशवाटप : विश्वासू स्विच कसा निवडावा?

स्विच हा शब्द कानीं पडतांच भिंतीवरील दिव्याचें बटण आपल्या डोळ्यांपुढें उभें राहील. आज मी ज्याविषयीं बोलणार आहें तो स्विच निराळा. टपालकचेरींत ज्याप्रमाणें पत्ता पाहून पत्रें त्या त्या गांवच्या थैलींत टाकतात, त्याप्रमाणें एका यंत्राकडून आलेला संदेश नेमक्या दुसऱ्या यंत्राकडे धाडणारी ही एक पेटी होय. मोटारींचे नियंत्रक, दाबमापक, उष्णतामापक आणि नियंत्रणकक्षांतील पडदा यांचें परस्परांशीं बोलणें तिच्यामार्फत चालतें. कचेरींतील पेटी बंद पडली तर कांहीं कागद उशिरां पोंचतात. कारखान्यांतील बंद पडली तर चालतें काम थांबतें.

प्रसंगीं याहून गंभीर गोष्टहि घडते. अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत ब्राउन्स फेरी नांवाचें अणुवीजकेंद्र आहे. १९ ऑगस्ट २००६ रोजीं तेथील तिसऱ्या अणुभट्टींत पाणी फिरविणारे दोन्ही पंप एकाएकीं थांबले, आणि चालकांना भट्टी तातडीनें बंद करावी लागली. पंपांचा वेग राखणारे नियंत्रक प्रतिसाद देईनासे झाले होते. आणि जाळ्यावर झालेली संदेशांची अवाजवी गर्दी हें त्याचें कारण ठरलें. संदेश पोंचविणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच नको ते संदेश अडविणेंहि महत्त्वाचें, हा धडा त्यांतून मिळतो.

आतां निवडीकडे वळूं. पहिला प्रश्न जागेचा. कचेरीसाठीं केलेला स्विच बहुधा ० ते ४० अंश सेंटिग्रेड उष्णमानासाठीं बनविलेला असतो. कारखान्यासाठीं केलेले अनेक स्विच उणे ४० पासून ७५ अंशांपर्यंत चालतात. आपल्याकडे उन्हाळ्यांत बाहेरच ४० अंश असतां बंद लोखंडी कपाटांत किती होत असेल, याचा विचार करावा. स्विचच्या पोटांतील विद्युत्संग्राहकांचें आयुष्य दर १० अंशांच्या वाढीबरोबर सुमारें निम्में होतें, असा इंजिनियरांचा ठोकताळा आहे. थंडाव्यासाठीं पंखा बसविला तर तो स्वतः झिजतो आणि बाहेरची धूळ आंत ओढतो. साखर कारखान्यांत चिपाडांचा भुसा सर्वत्र उडत असतो. तेथें पंखा नसलेला व धातूच्या अंगानेंच उष्णता बाहेर टाकणारा स्विच बरा. कपाटाबाहेर उघड्यावर बसवावयाचा असेल तर आवरणाचा आय. पी. अंक पाहावा. ६७ या अंकांतील ६ म्हणजे धुळीस पूर्ण मज्जाव, आणि ७ म्हणजे १ मीटर पाण्यांत ३० मिनिटें तग. कोंकण किनाऱ्यासारख्या खाऱ्या हवेंत आंतील पट्टीवर संरक्षक लेप असावा.

दुसरा प्रश्न विजेचा. मोठ्या मोटारींच्या शेजारीं विद्युत्क्षोभ सतत असतो, म्हणून आय. ई. सी. ६१०००-६-२ या प्रमाणाची कसोटी उतरली आहे कीं नाहीं, तें विचारावें. तांब्याच्या तारेवरून १०० मीटरपर्यंतच संदेश नेण्याचा नियम आहे. त्याहून दूर, अथवा एका इमारतींतून दुसरींत जावयाचें असल्यास, कांचतंतूच्या मार्गें जावें. प्रकाशाला मोटारीचा उपद्रव होत नाहीं. २४ व्होल्टचा पुरवठा दोन बाजूंनीं घेण्याची सोय असावी. पण दोन्ही तारा एकाच उगमाला जोडल्या तर त्या सोयीचा उपयोग काय?

तिसरा प्रश्न वाटेचा. स्विच वलयाकार जोडले म्हणजे एक तार तुटली तरी संदेश उलट दिशेनें जातो. मात्र साध्या स्विचांचें वलय केलें तर तेच संदेश त्यांत अखंड फिरत राहून जाळें बुडवितात. म्हणून वलय सांभाळणारी पद्धति हवी. जुन्या पद्धतींत नवी वाट उघडण्यास ३० सेकंद किंवा अधिकहि लागत, आय. ई. सी. ६२४३९-२ मधील पद्धतींत ५० स्विचांच्या वलयांतहि हें काम २०० मिलिसेकंदांच्या आंत होऊं शकतें. आपलें यंत्र किती वेळ मौन सहन करील, हें आधीं मोजावें आणि मग पद्धति ठरवावी. ब्राउन्स फेरीसारखी गर्दी टाळण्यासाठीं, जाळ्याचे निरनिराळे कप्पे पाडतां येणारा व सर्वांना उद्देशून सुटणाऱ्या संदेशांवर मर्यादा घालणारा स्विच घ्यावा. त्याचा मूळचा परवलीचा शब्द पहिल्याच दिवशीं बदलावा.

शेवटीं विक्रेत्याच्या एका आंकड्याविषयीं. 'दोन बिघाडांमधील सरासरी काळ १० लाख तास' असें पत्रकांत छापलेलें असतें. १० लाख तास म्हणजे सुमारें ११४ वर्षें! पण एकच स्विच इतकीं वर्षें टिकेल, असा याचा अर्थ नव्हे. असे १००० स्विच वर्षभर चालविले तर त्यांपैकीं सुमारें ९ बिघडतील, एवढाच त्याचा अर्थ. आणि तोहि झीज सुरू होण्यापूर्वींच्या काळापुरता. शिवाय हा आंकडा कोणत्या उष्णमानासाठीं काढला, तें पाहिलेंच पाहिजे.

तात्पर्य, बिघाड होणारच नाहीं असा स्विच कोणी देऊं शकत नाहीं. जो बिघाड चटकन् कळवितो, ज्याच्या बिघाडानें काम अडत नाहीं आणि ज्याचा जोडीदार आपल्या कपाटांत तयार असतो, तोच विश्वासू समजावा.