गळते खाली, येते वरून



आपल्या खानदेशात मातीच्या धाब्याखाली पावसाळे काढलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. पाणी घरात जिथे टपकते, तिथेच धाबे फुटलेले असते असे नाही. ते वर कुठे तरी मुरते, तुळईवरून सरकत येते आणि भलत्याच कोपऱ्यात गळते. खाली घमेले ठेवून भागत नाही. खारी माती टाकायला वरच चढावे लागते. मोटारीच्या इंजिनातून ऑइल गळते, त्याची गतही अशीच आहे.

मी हे शिकलो ते फजिती होऊन. मी पडलो महाविद्यालयात शिकवणारा. पाना हाती धरण्याची सवय नाही. माझ्या जुन्या गाडीखाली रोज सकाळी रुपयाएवढा काळा डाग दिसे. एका मिस्त्रीने सांगितले, "मागचे सील गेले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." खर्च ऐकून मी दिवस ढकलले. मे महिन्यात जळगावहून धुळ्याला निघालो. पारा ४५ अंशांच्या घरात. पारोळे मागे पडले आणि समोर ऑइलचा तांबडा दिवा लागला. मी गाडी तिथल्या तिथे बंद केली, म्हणून इंजिन वाचले. पट्टी काढून पाहिली तर कोरडी ठणठणीत! धुळ्याहून आलेल्या मिस्त्रीने चिंधीने इंजिन वरून खालपर्यंत पुसले आणि म्हणाला, "सर, गळतंय खाली, पण येतंय वरून." टॅपेट कव्हरचे पॅकिंग उष्णतेने कडक होऊन चिरले होते. काम तासाभराचे निघाले.

आता थेंबाने एवढे काय बिघडते? इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेते तेव्हा प्रत्येक पिस्टन तेवढ्याच वेळा वरखाली होतो. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये ऑइलचा पातळ थर असतो, आणि आतली उष्णताही ते वाहून नेते. तो थर तुटला, की इंजिन थोड्याच वेळात जाम होते. शिक्षकांनी हे वर्गात सहज दाखवावे. मुलांना कोरडे तळहात जोराने चोळायला सांगा, मग तेलाचा थेंब लावून चोळायला सांगा. फरक त्यांचे हातच सांगतील.

डाग दिसला तर आधी तो कशाचा ते पाहा. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा ठेवा. स्वच्छ पाणी असेल तर ते बहुधा वातानुकूलनाचे; काळजी नको. हिरवे किंवा गुलाबी पाणी रेडिएटरचे. तपकिरी किंवा काळे, बोटाला बुळबुळीत लागते ते इंजिन ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला ओल असेल तर ते ब्रेकचे तेल असू शकते. मग गाडी हलवूच नका.

ऑइलच असेल तर इंजिन थंड असताना फडक्याने पुसून कोरडे करा. १०-१५ किलोमीटर गाडी चालवा, इंजिन थोडे निवू द्या, आणि बॅटरी घेऊन पाहा. सगळ्यांत वरची ओली जागा कोणती, हा एकच प्रश्न विचारा. तेल उतरणीने खाली येते आणि वाऱ्याने मागे जाते, म्हणून खालचा आणि मागचा भाग नेहमीच दोषी दिसतो. वर टॅपेट कव्हर, बाजूला ऑइल फिल्टर आणि प्रेशरचा स्विच, खाली चेंबरचे पॅकिंग आणि ड्रेन बोल्टचा वायसर, याच क्रमाने पाहा. हे सगळे कोरडे असून इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातूनच तेल येत असेल, तरच मागच्या सीलचे मोठे काम काढा. त्याआधी ब्रीदरची नळी चोंदली आहे का तेही पाहून घ्या. ती बंद असली की आतला दाब तेलाला बाहेर ढकलतो आणि नवे सीलही गळू लागते.

काही पथ्ये सांगतो. बोल्ट हवे तसे आवळू नका. पॅकिंग दबून गळती वाढते. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. गळती निघेपर्यंत रोज सकाळी, सपाट जागेवर, पट्टी पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. वरच्या खुणेपलीकडे भरणेही वाईटच. तेल गरम सायलेन्सरच्या नळीवर पडत असेल तर आगीचा धोका आहे, उशीर नको. तांबडा दिवा लागला तर "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणू नका.

आणि काढलेले काळे तेल नाल्यात किंवा बांधावर ओतू नका. २०१६ च्या नियमांनी ते घातक कचऱ्यात मोडते. डब्यात साठवून, असे तेल अधिकृत पुनर्वापरासाठी पाठवणाऱ्या गॅरेजला द्या. आपल्या विहिरीचे पाणी त्याच मातीतून झिरपून येते, हे विसरू नका.

तेव्हा मंडळी, गाडीखाली डाग दिसला तर घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. धाब्यावर चढता तसे वरून बघायला लागा.