यार्डाबाहेरचं एमबीए

2025च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने (सीसीआय) ‘कपास किसान’ अ‍ॅपवर स्लॉट घेऊनच कापूस आणायला सांगितलं, आणि आमच्या आदिलाबादचे शेतकरी मोबाइल हातात धरून ‘कुणी भरून देतं का’ म्हणत फिरू लागले. इतकी एमबीए झालेली पोरं असलेल्या जिल्ह्यावर ही पाळी यावी, हे मला फार लागलं.

जिल्ह्यातल्या एमबीएबद्दल आधीच्या वर्षांत सांगण्यासारखं काही नाही; ज्यांना परवडे ती मुलं वरंगल, हैदराबाद, नागपूर गाठत. 2008च्या सुमारास सरकारने फी भरायची फी रीइंबर्समेंट योजना आली आणि मी शिकवत होतो त्या इथल्या कॉलेजातले एमबीएचे वर्ग भरले. घरी मराठी, तेलुगू, गोंडी बोलणारी, कापूसवाल्यांची मुलं. त्यांना आम्ही इंग्रजी स्लाइडवर मुंबईच्या डबेवाल्यांची हार्वर्डची केस शिकवली. डबेवाल्यांचं काम मोठंच, पण आमचं कापूस बाजाराचं यार्ड हाकेच्या अंतरावर होतं.

एक ज्येष्ठ सहकारी मात्र मुलांना पहाटे यार्डात नेत. एकदा गाडीतल्या कापसात ओलावा मोजायचं मीटर खुपसलं, आकडा आला 14 टक्के. सीसीआय 8 टक्क्यांपुढे ओलाव्याच्या प्रमाणात भाव कापते, 12च्या वर घेतच नाही. आता व्यापारी देईल त्या भावात द्यायचा, की परत नेऊन वाळवायचा? परत नेला तर भाडं दुप्पट, आभाळ भरलेलं, वेचणाऱ्या बायांची मजुरी आजच द्यायची. एका मुलीने तिथेच वहीत हिशेब मांडला: 12चा कापूस 8वर आणला, तर वाढलेला भाव घटलेल्या वजनात जिरतो, वाळवणं परवडतं ते 12च्या आत यायचं असेल तेव्हाच. खेळतं भांडवल आणि जोखीम मी वर्षभर फळ्यावर शिकवत होतो. ती दोन्ही तिला त्या गाडीपाशी कळली.

कॉलेजच्या चालकांनी विचारलं, याला मार्क किती? हजेरी बुडते, सिलॅबसमध्ये बसत नाही, बंद करा. सर सोडून गेले. असा माणूस टिकवता आला नाही, याचा राग अजून जात नाही. पुढे फीचे सरकारी पैसे रखडले, वर्ग ओस पडले, कॉलेजला टाळं लागलं.

आज इंटर्नशिपला मार्क आहेत, तर तयार प्रोजेक्ट विकत मिळतात. खरं तर जिल्ह्यातच उटनूरच्या आदिवासी बाया मोहाचे लाडू करून आश्रमशाळांना पुरवतात. त्यांच्यासोबत बसून एका लाडवाचा खर्च काढण्याइतका चांगला प्रोजेक्ट कुठला? विद्यापीठाने कापसाच्या हंगामातलं एक सत्र यार्डात आणि जिनिंगमध्येच घ्यावं, आणि त्याला लेखी पेपरइतकेच मार्क द्यावेत.