बाळाचा पासपोर्ट फोटो : आईचा हात दिसता कामा नये

घरात बाळ आले की फोटोंना तोटा नसतो. बारशाचे फोटो, पाळण्यातले फोटो, आजीच्या पायांवर तेल लावून घेतानाचे फोटो. मोबाईलमुळे तर पहिल्याच महिन्यात शेकडो फोटो जमा होतात. आणि तरीही, 'बाळाच्या पासपोर्टसाठी एक फोटो हवा' असा निरोप आला की त्या शेकड्यांतला एकही कामास येत नाही. एकात आजीचा हात आहे, दुसऱ्यात टोपडे कपाळावर उतरले आहे, तिसऱ्यात मागे फुलाफुलांची चादर आहे. जो सर्वांत गोड, त्यात बाळ तोंडभर हसते आहे आणि नेमका तोच नको असतो.

एवढ्याशा जिवाला स्वतंत्र पासपोर्ट कशाला, असा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांना पडतो. त्यांचेही चुकत नाही. पूर्वी आईवडिलांच्या पासपोर्टवर मुलांची नावे घालून घेता येत असत. आता 'एक व्यक्ती, एक पासपोर्ट' हा नियम जगभर रूढ झाला आहे. मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आहे, जावई आखातात किंवा जर्मनीत नोकरीला आहेत, बाळ तीन महिन्यांचे झाले की दोघांनी तिकडे जायचे ठरले आहे, अशी घरे आपल्याकडे आता गावोगाव आहेत. तिथे सगळ्या गोष्टी एकीला एक बांधलेल्या असतात. पासपोर्ट झाल्याखेरीज व्हिसा नाही, व्हिसा नाही तोवर तिकीट नाही आणि फोटो परत आला तर सगळेच पुढे ढकलले जाते. बाळ आखातात जन्माला आले तर घाई आणखीच. संयुक्त अरब अमिरातीत जन्मलेल्या मुलाचा निवासी व्हिसा १२० दिवसांच्या आत करून घ्यावा लागतो, नाहीतर दंड सुरू होतो. त्याआधी भारतीय वकिलातीतून पासपोर्ट हातात यायला हवा. शिवाय परदेशात जन्मलेल्या मुलाच्या जन्माची नोंद वकिलातीत एक वर्षाच्या आत करायची असते, हेही ध्यानात ठेवावे.

आता नियम पाहू. भारतातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात मोठ्या माणसांचा फोटो तिथल्या तिथे काढतात. मात्र चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो आपण घेऊन जायचा असतो. आकार साडेचार बाय साडेतीन सेंटीमीटर, रंगीत, पार्श्वभूमी पांढरी. चेहरा समोरून, दोन्ही बाजू सारख्या दिसणाऱ्या, डोळे उघडे, तोंड मिटलेले. चेहऱ्यावर किंवा मागे सावली नको. परदेशातल्या भारतीय वकिलातींनी १ सप्टेंबर २०२५ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या मापाचे फोटो मागायला सुरुवात केली. त्यात चेहऱ्याने फोटोची ८० ते ८५ टक्के जागा व्यापली पाहिजे, आणि संगणकावर काहीही दुरुस्ती केलेली चालत नाही. इतका काटेकोरपणा कशासाठी, तर हा फोटो आता नुसता माणसाने पाहायचा राहिलेला नाही. नव्या ई-पासपोर्टच्या चिपमध्ये तो साठवलेला असतो आणि यंत्र तो वाचते. भारतात या पासपोर्टची प्रायोगिक सुरुवात १ एप्रिल २०२४ ला झाली, आणि सुरुवातीच्या शहरांत आपले नागपूरही होते.

फोटोचा हा सगळा प्रकार तसा फार जुना नाही. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा कार्ल लोडी नावाचा जर्मन हेर एका अमेरिकन माणसाच्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये वावरत होता. त्या पासपोर्टवर फोटोच नव्हता, मग ओळखणार कसे? नोव्हेंबरात लंडनच्या टॉवरमध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्या युद्धाच्या काळातच देशोदेशी पासपोर्टवर फोटो सक्तीचा झाला. गंमत अशी की, तेव्हाच्या फोटोंत सगळे कुटुंब एकत्र बसलेले चालत असे, आईच्या मांडीवर बाळ घेऊन. आज त्याच मांडीमुळे फोटो नाकारला जातो.

तीट, काजळ आणि आजी

पासपोर्टला जे जे नको, नेमके तेच आपल्या घरात बाळासाठी मायेने केले जाते. टोपडे नको, काजळ नको, गालावर तीट नको, तोंडात चोखणी नको, हातात खुळखुळा नको. यावरून घरात कुरबुर होऊ शकते. काजळाबद्दल बालरोगतज्ज्ञ एरवीही सांगत असतात की ते बाळाच्या डोळ्यांत घालू नये, कारण त्यात शिसे असू शकते. ते आदल्या दिवशीच थांबवावे, कारण काजळ लगेच पुसले तर डोळ्यांभोवती काळसर छटा राहते. तिटेसाठी मात्र आजीशी वाद घालू नये. तीट तळपायाला लावावी. फोटो खांद्यांपर्यंतच असतो, त्यामुळे आजीचेही समाधान होते आणि कार्यालयाचेही.

कपडा पांढरा नसावा. पांढऱ्या चादरीवर पांढरे झबले घातले तर मान कुठे संपते तेच कळत नाही. गडद निळे, मरून किंवा हिरवे, साध्या गळ्याचे झबले उत्तम. लेस आणि मोठी कॉलर हनुवटीवर चढते, ती टाळावी.

आता मुख्य काम. पहिले तीन-चार महिने बाळाने मान धरलेली नसते, तेव्हा त्याला बसवून फोटो काढण्याचा हट्ट कशाला? काही जण आईच्या अंगावर पांढरी चादर पांघरून तिच्या मांडीवर बाळ बसवतात. मला हा प्रकार मुळीच पसंत नाही. चादरीतून बोटांचे उंचवटे दिसतात आणि बाळाचे खांदे वर उचलले जातात. त्यापेक्षा बाळाला उताणे निजवून वरून फोटो काढावा. अमेरिकेचे पासपोर्ट खातेही पालकांना हेच सुचवते.

निजवायचे मात्र मऊ गादीवर नाही. गादीत डोके रुतते आणि भोवती चादरीच्या सुरकुत्या जमा होतात. जमिनीवर सतरंजीची चौघडी करून तिच्यावर इस्त्रीची पांढरी चादर ताणून घालावी, चारी कडा खाली खोचाव्यात. जागा खिडकीजवळ असावी, पण अंगावर थेट ऊन नको. बाळाचे डोके खिडकीकडे आणि पाय खोलीकडे करावेत. आडवे निजवले तर एक गाल उजळतो आणि दुसरा काळा पडतो. डोके खिडकीकडे असले की दोन्ही गालांवर प्रकाश सारखा येतो. हनुवटीखाली थोडी सावली राहतेच. ती घालवण्यासाठी घरातल्या दुसऱ्या कुणी पायांच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा किंवा मोठा कागद तिरका धरावा. फ्लॅश वापरू नये. बाळ दचकते, डोक्याभोवती सावली पडते आणि डोळे लाल येतात.

मोबाईल चेहऱ्याच्या अगदी जवळ नेला तर नाक मोठे आणि कान गायब, असा विचित्र चेहरा येतो. शक्य तेवढे उंचावरून, झूम थोडा वाढवून, मोबाईल जमिनीशी समांतर धरून फोटो घ्यावा. मोबाईलची दोरी मनगटात अडकवायला विसरू नये, कारण खाली बाळ आहे. त्वचा गोरी आणि गुळगुळीत करणारी सोय बंद करावी. पार्श्वभूमी धूसर करणारी सोयही नको, तिच्यात जावळाचे आणि कानांचे काठ विरघळतात.

वेळ बाळाने ठरवायची

प्रकाश आपल्या हातात असतो, बाळाचा मूड नसतो. आपल्याकडे तेल, अंघोळ, धुरी झाली की बाळ दोन-दोन तास गाढ झोपते, तेव्हा तो मुहूर्त फुकट. झोपून उठल्यावर, दूध पिऊन ढेकर काढल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी बाळ शांत आणि जागे असते, ती वेळ धरावी. ओठांवरचे दूध पुसून घ्यावे. पहिल्या काही आठवड्यांत बाळाला वीतभर अंतरावरचेच स्पष्ट दिसते, त्यामुळे दुरून हातवारे करून उपयोग नाही. आवाज मात्र ऐकू येतो. वाटीवर चमचा वाजवावा, कागद चुरगाळावा. नवा आवाज ऐकला की बाळ क्षणभर हातपाय हलवायचे थांबते आणि पुष्कळदा तोंडही मिटते. आवाज मोबाईलच्या मागूनच यायला हवा, बाजूने आला की मान वळलीच. एकावेळी एकच जण आवाज करील एवढे पाहा. आत्या, मावशी आणि आजोबा तिघेही टाळ्या वाजवू लागले की बाळ रडते. एका दमात वीस-पंचवीस फोटो घ्यावेत, पाच मिनिटांत जमले नाही तर चादर तशीच ठेवून पुढच्या जागेपणाची वाट पाहावी.

स्टुडिओत नेऊ नये असे नाही. सहा महिन्यांपुढचे, बसू लागलेले बाळ तिथे पाच मिनिटांत उरकते. पण तान्ह्या बाळाला प्रखर दिव्यांखाली, अनोळखी माणसाच्या हाती देण्यापेक्षा घरी काढलेला फोटो स्टुडिओत नेऊन मापात छापून घेणे मला अधिक बरे वाटते. तो व्हॉट्सअॅपने साधा पाठवू नका, त्यात फोटो बारीक होतो. मूळ फाईल न्या. आणि स्टुडिओवाल्याला आधीच बजावा, की चेहरा उजळ करायचा नाही, गालावरचा डाग पुसायचा नाही, डोळे दुसऱ्या फोटोतून आणून चिकटवायचे नाहीत. हे शेवटचे काही जण खरोखर करतात, तेही कौतुकाने.

व्हिसाचा फोटो मात्र वेगळा असतो. अमेरिकेला दोन इंच बाय दोन इंच असा चौकोनी फोटो लागतो, युरोपातल्या शेंगेन व्हिसाला साडेतीन बाय साडेचारचा. परक्या देशाचा पासपोर्ट करायचा असेल तर तान्ह्यांना काही सवलती असतात. अमेरिका तान्ह्या बाळाचे अर्धवट मिटलेले डोळे चालवून घेते. ब्रिटनमध्ये एक वर्षाखालच्या मुलाचे डोळे उघडे असण्याची अट नाही, डोक्याला हाताचा आधारही चालतो, मात्र तो हात फोटोत दिसता कामा नये. कॅनडाला पाच बाय सात सेंटीमीटरचा फोटो लागतो आणि त्यामागे स्टुडिओचे नाव, पत्ता आणि तारीख हवी, म्हणजे तिथे घरचा फोटो उपयोगाचा नाही. या सवलती त्या त्या देशाच्या आहेत. भारतीय अर्जाला त्या लागू धरू नयेत.

फोटोच्या जोडीला दोन गोष्टी. बाळाचे नाव जन्मदाखल्यावर चढलेले असावे, म्हणजे बारसे लांबवून चालत नाही. आणि 'ड' परिशिष्टावर आईवडील दोघांच्याही सह्या लागतात. वडील परदेशी असतील तर त्यांच्या सहीची सोय काय करायची, हे फोटोच्या आधी विचारून ठेवावे.

लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. जावळ काढल्यावर, दात आल्यावर चेहरा ओळखू येईनासा होतो, तरी मुदत संपेपर्यंत तोच चालतो. नूतनीकरणाच्या वेळी मूल चार वर्षांच्या पुढे गेलेले असते, तेव्हा फोटो केंद्रातच काढतात. चादर, थर्माकोल, वाटी-चमचा काही लागत नाही. पाच वर्षांच्या मुलाला अनोळखी कॅमेऱ्यासमोर दात न दाखवता बसायला लावायचे, एवढेच काम उरते.