‘औषध घेतलं’: दारू, निराशा आणि एका रात्रीचा प्रश्न

बुलढाणा जिल्ह्यात कुणी दबक्या आवाजात ‘त्यानं औषध घेतलं’ म्हटलं, तर ‘काय दुखत होतं?’ असं कुणी विचारत नाही. कपाशी-सोयाबीनवर फवारायच्या विषालाही गावात औषधच म्हणतात, आणि वाक्य कुठलं आहे ते सांगणाऱ्याच्या आवाजावरून कळतं.

2006 साली केंद्र सरकारनं विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात बुलढाणा होता. तेव्हापासून चर्चा कर्ज, पाऊस आणि भाव या तीन गोष्टींभोवती फिरते. ती कारणं खरीच आहेत. पण कर्ज वर्षानुवर्षं असतं, आणि जीव जातो एखाद्या रात्री. त्या रात्री काय घडतं, हा प्रश्न मानसोपचारतज्ज्ञ विचारतात, आणि उत्तरात दारू वारंवार येते.

व्यसन हा आजार आहे, वाया गेल्याचं लक्षण नव्हे, हे मराठी घरांपर्यंत पोचवण्यात दोन मानसोपचारतज्ज्ञांचा मोठा वाटा आहे. डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात येरवड्याला 1986 साली सुरू झालेलं ‘मुक्तांगण’ उभं केलं. त्या कामाशी सुरुवातीपासून जोडलेले डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘मुक्तिपत्रे’सारख्या पुस्तकांतून हा विषय दवाखान्याबाहेर आणला. पेशंटशी जशी बोलतात तशीच भाषा, लॅटिन नावं कमी.

तर दारू नेमकं करते काय? आपल्या मेंदूत एक ब्रेक असतो. ‘थांब, सकाळी बघू’ असं सांगणारा. दारू आधी तोच ब्रेक सैल करते. दुःख विसरायला म्हणून घेतलेली दारू उतरताना मन आणखी खाली नेते, झोप मोडते, आणि विचार एकाच ठिकाणी अडकवते. पोरगी, बैल, पुढचा हंगाम, काहीच दिसत नाही. अशा अनेक घटनांमध्ये विचार मनात येणं आणि कृती होणं यात काही मिनिटांचंच अंतर असतं. मनातली ती लाट ओसरते, पण तोवर वेळ मिळायला हवा.

इथेच घरच्यांच्या दोन चुका होतात, आणि दोन्ही मायेपोटी. पहिली म्हणजे रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एका झटक्यात दारू सोडवणं. त्यानं थरथर, झटके, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. दुसरी, त्याला न सांगता जेवणात पावडर कालवणं. अशा काही औषधांवर दारू प्यायली तर गंभीर रिअ‍ॅक्शन येते. बाजारात ‘गुप्त औषध’ म्हणून ती खुशाल विकतात, ही गोष्ट वेगळी.

मग बोलायचं कुणी? जिल्ह्याच्या गावाला जाऊन मानसोपचारतज्ज्ञाला दाखवणं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. त्यामुळे राज्य सरकारनं 2015 पासून ‘प्रेरणा प्रकल्पा’त बुलढाण्यासह 14 जिल्ह्यांत आशाताईंना घरोघरी पाठवायचं ठरवलं. त्याआधीपासून, याच विभागातल्या अमरावती जिल्ह्यात, 30 गावांमध्ये गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन एक प्रयोग चालला होता. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले होते. औषधांच्या गोळ्या वाढल्या म्हणून नव्हे, ओळखीचं माणूस दारात येऊन बसलं म्हणून, असं म्हणायला जागा आहे.

‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे सरळ विचारायला लोक घाबरतात. विचारलं तर डोक्यात येईल, असं वाटतं. तसं होत नाही. उलट विचारल्यावर बऱ्याच जणांना ओझं उतरल्यासारखं वाटतं.

आता त्या बाटलीचं काय? श्रीलंकेत सरकारनं सर्वांत घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली. 1990च्या दशकाच्या मध्यानंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण 70 टक्क्यांच्या आसपास घटलं, आणि त्यात या बंदीचा मोठा वाटा मानला जातो. याच देशात 180 गावांच्या एका अभ्यासात निम्म्या गावांमध्ये घरोघरी कुलपाच्या पेट्या देऊन पाहिल्या, पण त्यानं फरक पडला नाही. म्हणजे सगळी जबाबदारी घरच्या बाईच्या चावीवर टाकून सरकारला मोकळं होता येणार नाही. तरीही घरात कुणी खूप पीत असेल आणि खचला असेल, तर उरलेली बाटली त्या दिवसांत घरी न ठेवता दुसरीकडे हलवणं शहाणपणाचं. त्यानं मिनिटं वाढतात.

वाचलेल्या माणसालाही अजून एक भीती छळते, पोलीस केसची. म्हणून दवाखान्यात ‘चुकून प्यायला’ असं सांगितलं जातं आणि मनाचा इलाज राहूनच जातो. पण 2018 पासून लागू असलेला मानसिक आरोग्य कायदा अशा माणसावर तीव्र ताण होता असंच धरतो. त्याला शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी. 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम 309 उरलेलंच नाही. डॉक्टरला खरं सांगता येतं.

स्वतःसाठी किंवा घरच्या कुणासाठी बोलायचं असेल, तर ‘टेली-मानस’चा 14416 हा नंबर 24 तास मोफत आहे. मराठीत बोलता येतं, आणि फोन पिणाऱ्यानंच करायला हवा असं नाही, बायकोनं, भावानं, शेजाऱ्यानं केला तरी चालतो. विष पोटात गेलं असल्याची शंका आली तर मात्र कुठलाही घरगुती उपाय न करता, उलटी न काढता, 108 ला फोन करायचा आणि डबा किंवा बाटली सोबत न्यायची.