वंशावळ नसलेला शिकारी

इंग्लंडच्या केनेल क्लबच्या यादीत लर्चर हा कुत्रा सापडत नाही. त्याचा रंग ठरलेला नाही, उंची ठरलेली नाही, कानांची ठेवणही नाही. एकाच विणीतलं एक पिल्लू गुळगुळीत अंगाचं, पिवळसर निघतं आणि दुसरं राखाडी, राठ केसांचं, दाढीमिशा असलेलं. तरीही खेड्यातली माणसं त्याला लांबूनच ओळखतात. खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांब पाय आणि मान किंचित खाली घालून चालायची ढब. आईबापांपैकी एक धावणाऱ्या जातीचा असतो: ग्रेहाउंड, व्हिपेट, डियरहाउंड किंवा सालुकी. दुसरा कामकरी जातीचा, बहुधा मेंढरं वळणारा कोली नाहीतर बेडलिंग्टन टेरियर. दोन्ही बाजूंनी धावणारंच रक्त असेल, तर जाणकार त्या कुत्र्याला लर्चर म्हणत नाहीत, लाँगडॉग म्हणतात. वेग हवा असेल तर लाँगडॉग घ्यावा, वेगाबरोबर अक्कलही हवी असेल तर लर्चर, असा तिकडचा साधा हिशेब आहे.

ब्रिटनचे बहुतेक नामांकित शिकारी कुत्रे मोठ्या घराण्यांच्या आश्रयाने, वह्यांमध्ये नोंदी ठेवून घडवले गेले. लर्चर घडला तो मनाई हुकमांच्या छायेत. त्याचं मुकं राहणं, अंधारात मिसळणारा रंग, मालकाच्या नुसत्या हाताच्या इशाऱ्यावर थांबणं, या सगळ्यामागे कुठला ना कुठला कायदा उभा आहे. म्हणूनच लहान हरणांच्या शिकारीची गोष्ट सांगायची तर कुत्र्याइतकंच जमिनीच्या मालकीबद्दल बोलावं लागतं.

नॉर्मन राजांनी इंग्लंडचे मोठमोठे प्रदेश राजाची राखीव रानं म्हणून जाहीर केले. त्यांत निबिड अरण्यं होती तशी शेतं, कुरणं आणि गावंही होती. तिथल्या हरणावर राजाचा हक्क आणि ते मारणाऱ्याला जबर शिक्षा. 1217 च्या वनसनदेने हरणासाठी कुणाचा जीव किंवा हातपाय जाणार नाही, असं कबूल केलं, पण दंड आणि कैद कायम राहिली. त्याच सनदेत गावकऱ्यांच्या कुत्र्यांचीही तरतूद आहे. पुढच्या पंजाची तीन नखं कापायची, म्हणजे त्याला हरणामागे धावता येऊ नये; तपासणी दर तीन वर्षांनी; नखं न कापलेला कुत्रा सापडला तर मालकाला तीन शिलिंग दंड. गरिबाच्या कुत्र्याच्या पायापर्यंत राजाचा हात असा पोचला होता.

1381 मध्ये इंग्लंडच्या शेतकऱ्यांनी मोठा उठाव केला. तो चिरडला गेला आणि दशकभराच्या आत, 1390 साली, दुसऱ्या रिचर्डच्या पार्लमेंटने एक कायदा केला. ज्या सामान्य माणसाला जमिनीपासून वर्षाला 40 शिलिंगांचं उत्पन्न नाही, त्याने शिकारी कुत्रा बाळगू नये. कारण म्हणून असं नोंदवलं गेलं की भले ख्रिस्ती लोक सणावारी चर्चमध्ये असताना कारागीर आणि मजूर शिकारीला जातात, आणि त्या निमित्ताने जमून कटकारस्थानं करतात. मला हा कायदा फार बोलका वाटतो. सत्तेला चार-दोन हरणं गेल्याचं दुःख होतंच, पण चार-दोन मजूर कुत्री घेऊन रानात एकत्र जमतात याची धास्ती जास्त होती. शिकारीचा हक्क मिळकतीवर ठरवायची ही पद्धत वेगवेगळ्या रूपांत 1831 पर्यंत चालली.

या काळात निव्वळ ग्रेहाउंड बाळगणं म्हणजे गुन्हा दाराशी बांधून ठेवणं. मेंढपाळाकडे मेंढपाळाचा कुत्रा मात्र असणारच. त्या कुत्र्यात अर्धं रक्त दुसरंच आहे, हे अंगावरच्या राठ केसांनी झाकलं जाई. केंब्रिजचा वैद्य जॉन कायस याने 1570 मध्ये ब्रिटनमधल्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये छोटं पुस्तक लिहिलं. त्यात रात्री मालकाबरोबर निघणाऱ्या आणि न भुंकता शिकार साधणाऱ्या चोरट्या कुत्र्याचं वर्णन येतं. पुढे थॉमस बेविकने 1790 च्या प्राणिग्रंथात लाकडी ठशातून लर्चरचं चित्रच छापलं. दरम्यान 1723 च्या ब्लॅक अॅक्टने हत्यार घेऊन, तोंडाला काजळी फासून हरणं मारणाऱ्याला फाशीची शिक्षा ठेवली होती आणि ती शंभर वर्षं टिकली. इतिहासकार ई. पी. टॉमसन यांनी या कायद्यावर 1975 मध्ये एक अख्खा ग्रंथ लिहिला. ज्याला अठराव्या शतकातली इंग्रजी न्यायबुद्धी समजून घ्यायची आहे, त्याने तो वाचायलाच हवा.

रो नावाच्या हरणाचं नशीबही कायद्यानेच फिरवलं. रो म्हणजे वीस-पंचवीस किलोचं, आखूड शिंगांचं, सडपातळ हरीण. 1339 मध्ये राजाच्या न्यायालयाने ठरवलं की रो इतर हरणांना हुसकावून लावतं, म्हणून त्याला राखीव रानाच्या प्राण्याचा दर्जा नको. संरक्षण गेलं, रानंही तुटत गेली, आणि अठराव्या शतकापर्यंत इंग्लंडच्या बहुतेक भागातून रो नाहीसं झालं. 1800 साली डॉर्सेटमधल्या मिल्टन अॅबस इथे ते पुन्हा सोडलं गेलं. 1884 मध्ये जर्मनीतून आणलेली काही हरणं थेटफर्डच्या परिसरात सोडली. आज दक्षिण इंग्लंडमध्ये दिसणारी रो हरणं बरीचशी अशी परत आणलेल्यांची संतती आहे.

आता धावण्याकडे येऊ. वासावर माग काढणारा हाउंड तासन्‌तास, मैलोन्‌मैल, भुंकत भुंकत हरणाला दमवतो. लर्चर नजरेवर धावतो आणि त्याचा सगळा खेळ एक-दोन मिनिटांचा असतो. ग्रेहाउंड ताशी 60 किलोमीटरच्या पुढे जातो. भरधाव असताना एका ढांगेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात: एकदा शरीर पूर्ण ताणलेलं असताना, एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्त्याची धावही हीच. कोल्हापूर दरबारचे चित्तेवान काळविटावर चित्ता सोडत, तेव्हा माळावर हीच चाल दिसत असे. या धावेसाठी पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकावा लागतो, हृदय शरीराच्या मानाने मोठं लागतं, रक्तात लाल पेशी जास्त लागतात. त्याची किंमतही तेवढीच. पायाची बोटं मोडतात, मनगटाचे सांधे निखळतात, काटेरी तारेने छातीचं कातडं फाटतं, आणि तयारी नसलेला कुत्रा अतिश्रमाने स्नायू फुटून मरूही शकतो.

मग संकर कशाला? रो हरीण सरळ पळत नाही. ते रानाच्या कडेशी चरतं आणि धोका दिसताच रानाकडे झेपावतं. शंभर-दोनशे मीटरांत गाठलं नाही तर झाडीत शिरून ते सुटतं. नुसता ग्रेहाउंड सगळा जोर पहिल्याच झेपेत लावतो आणि हरणाने अंग वळवलं की भरकटत पुढे जातो. कोलीचं रक्त असलेला कुत्रा हातचं राखून धावतो, हरणाचा रोख कुठे आहे हे हेरतो आणि मधली वाट कापतो. मेंढराला अडवायची उपजत बुद्धीच इथे कामी येते. तरीही रोसाठी बरेच लोक डियरहाउंड आणि ग्रेहाउंडच्या संकरातला, खांद्याजवळ 65 सेंटीमीटरच्या वर भरणारा लाँगडॉग पसंत करत, म्हणजे एकट्याला हरीण पाडण्याइतकं वजन मिळे. कुत्रा गळा धरत असे. चांगला असला तर काम पटकन होई. नसला तर हरीण किंचाळत राही, आणि ते किंचाळणं ज्यांनी ऐकलंय त्यांच्याकडून शिकारीच्या फुशारक्या फारशा ऐकू येत नाहीत.

दुसरं लहान हरीण आपल्या अधिक जवळचं. सह्याद्रीत बिबट्याची चाहूल लागली की भुंकणारं भेकर मराठी माणसाला माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ड्यूक ऑफ बेडफर्डने आपल्या वोबर्न अॅबीच्या आवारात आधी भारतीय भेकरं आणली आणि मग त्याच कुळातलं, थोडं लहान, चिनी मुंटजॅक आणलं. भारतीय भेकर तिथे मूळ धरू शकलं नाही. चिनी भाऊबंद कुंपणाबाहेर गेला आणि आज मध्य व दक्षिण इंग्लंडभर पसरला आहे. वजन बारा-पंधरा किलो, उंची जेमतेम अर्धा मीटर, आणि विणीचा हंगाम म्हणून नाहीच. सात महिन्यांचा गाभण काळ संपवून मादी व्यायली की काही दिवसांत पुन्हा गाभण राहते. मुंटजॅक उघड्यावर धाव घेत नाही. काटेरी झुडपांतून बोगदे केल्यासारखं खालून निसटतं. तिथे उंच लाँगडॉगचा काही उपयोग नाही. ठेंगणा, राठ कातडीचा, टेरियर किंवा बुल जातीचं रक्त असलेला लर्चर लागतो. नराचे वरचे सुळे ओठाबाहेर आलेले असतात आणि कोंडीत सापडल्यावर तो ते वापरतो. अनेक कुत्र्यांच्या मानेवर त्या सुळ्यांचे व्रण दिसत.

1970 च्या दशकापासून या धंद्याचं रूप बदललं. खांद्यावर बॅटरी, हातात प्रखर दिवा, आणि त्या झोतातून पळायला शिकवलेला कुत्रा. ससे मारण्यासाठी ही पद्धत रूढ झाली, पण त्याच दिव्यात हरणाचे डोळेही चमकतात आणि हरणाच्या मांसाला हॉटेलांत भाव मिळतो. त्याच काळात लर्चरवर पुस्तकं निघाली, मेळे भरू लागले. टेड वॉल्श आणि ब्रायन प्लमर यांची पुस्तकं त्या पिढीने वाचून काढली. प्लमर यांनी खाणकामगार, भटके रोमानी आणि रात्रीचे शिकारी यांच्याकडची जाण कागदावर उतरवली. ती लिहिली गेली नसती तर शतकांचं ज्ञान माणसांबरोबर गेलं असतं. मला त्या पुस्तकांतल्या बऱ्याच गोष्टी पटत नाहीत, तरी हे ऋण मान्य करायलाच हवं.

शेवटी ब्रिटनने हा पाठलागच थांबवला. स्कॉटलंडने 2002 मध्ये कायदा केला. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2004 चा हंटिंग अॅक्ट 18 फेब्रुवारी 2005 पासून लागू झाला. उंदीर आणि बिळात राहणारे ससे (रॅबिट) वगळले गेले, पण हरणामागे एकही कुत्रा सोडणं गुन्हा ठरलं. त्याआधी, 1997 मध्ये, केंब्रिजचे प्राध्यापक पॅट्रिक बेटसन यांनी हाउंडांनी पाठलाग केलेल्या तांबड्या हरणांच्या रक्ताची तपासणी करून दाखवलं होतं की लांब पाठलागात त्या प्राण्यांच्या शरीराची हालत फार वाईट होते. नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने लगेच आपल्या जमिनीवर ती शिकार बंद केली. लर्चरवाल्यांचा युक्तिवाद असा की आमचा पाठलाग मिनिटाभराचा, तासांचा नव्हे. त्यात तथ्य आहे. तरीही मी बंदीच्या बाजूचा आहे. नेम धरून घातलेली गोळी हरणाला कळायच्या आत संपवते. कुत्र्याच्या जबड्याला ती हमी देता येत नाही, आणि पोट भरण्यासाठी हरीण मारावं लागेल असं कुणी इंग्रज आज उरलेला नाही. 1390 मधल्या मजुराची बाजू मी घेईन. चैनीखातर मोटारीतून दिवे घेऊन निघणाऱ्याची बाजू घ्यायला मला कारण दिसत नाही.

प्रश्न मात्र संपलेला नाही. लांडगा, लिंक्स यांच्यासारखे शत्रू ब्रिटनमधून केव्हाच गेले. केंब्रिजशरमधल्या माँक्स वुडमध्ये मुंटजॅकने निळ्या ब्लूबेल फुलांचे ताटवे कुरतडून टाकले; झाडोऱ्याचा खालचा थर खाल्ला गेला की नाइटिंगेलसारख्या पक्ष्यांना घरटी करायला आडोसा उरत नाही. हरणांची संख्या आटोक्यात ठेवावीच लागते आणि ते काम आता बंदूकधारी करतात. तिथे कुत्र्याला कायद्याने एक जागा ठेवली आहे. गोळी लागून किंवा गाडीची धडक बसून जखमी झालेल्या हरणाचा माग काढायला, जमीनमालकाच्या परवानगीने, फार तर दोन कुत्री नेता येतात. हेतू एकच: सापडताक्षणी त्याच्या वेदना संपवणं. कोलीचं रक्त असलेला, नाक आणि वेग दोन्ही जवळ असलेला लर्चर या कामाला उत्तम. माझ्या मते या कुत्र्याच्या गुणांना मिळालेलं हे सर्वात प्रतिष्ठेचं काम आहे.

आपल्याकडे सोलापूर, लातूरपासून उत्तर कर्नाटकापर्यंत कारवानी आहे. पातळ कातडीचा, अरुंद तोंडाचा, नजरेवर धावणारा हा कुत्रा सालुकीच्या गोतातला मानला जातो. मुधोळच्या घोरपड्यांनी त्याला राजाश्रय दिला, 2005 मध्ये तो टपाल तिकिटावर आला. पण त्याला खरं सांभाळलं ते धनगरांनी आणि शेतकऱ्यांनी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चिंकारा आणि काळवीट त्याच्या जबड्याबाहेर काढले, हे योग्यच झालं. कारवानीला शेताची आणि मेंढवाड्याची राखण हे दुसरं काम होतंच, त्यामुळे तो टिकला. लर्चरपाशी असं दुसरं काम थोडं आहे, आणि त्याची फळं तिथल्या प्राणी-आश्रयगृहांत दिसतात. मोसम संपला की टाकून दिलेले, पाय मोडलेले, तारेने फाटलेले लर्चर तिथे मोठ्या संख्येने येतात. 2022 पासून रानसशांमागे (हेअर) बेकायदा कुत्री सोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, न्यायालय त्याला पुढे कुत्रा पाळायला बंदी घालू शकतं आणि जप्त कुत्र्यांच्या सांभाळाचा खर्चही त्याच्याकडून वसूल करू शकतं. हरणांच्या चोरट्या शिकारीलाही हेच नियम लावावेत, असं मला वाटतं.

या आश्रयगृहांतून घरी नेलेला लर्चर दिवसातून दोन बऱ्यापैकी फेऱ्यांवर समाधानी राहतो. उरलेला वेळ तो पडून असतो. मांजर असलेल्या घरात मात्र तो पारखूनच द्यावा लागतो, कारण कानामागे काही पळालं की त्याचं डोकं आपोआप तिकडे वळतं. पैदास करणारे आता शर्यतीसाठी आणि मेळ्यातल्या देखणेपणासाठी नर-मादी निवडू लागले आहेत. कोलीची ती वाट कापायची बुद्धी तशा निवडीत पारखलीच जात नाही, आणि जखमी हरणाच्या मागावर जाणाऱ्यांना नेमका तोच गुण हवा असतो. पैदास करणारे आणि मागावर जाणारे एकमेकांशी बोलले नाहीत, तर येत्या काही पिढ्यांत राठ केस आणि लांब पाय तेवढे शिल्लक राहतील.